आबांची दुनळी आणि माझा परवाना

आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर बारा बोअरची एक दुनळी बंदूक होती. बिहारमधील मुंगेर येथे घडलेली, शिसवी रंगाचा दस्ता असलेली ही बंदूक त्यांनी १९७८ साली घेतली, तेव्हा निफाड तालुक्यात गोदाकाठच्या आमच्या मळ्यात द्राक्षबाग नव्हती. ऊस, गहू आणि भुईमूग होता आणि रानडुकरांचा त्रास होता. एप्रिल २०२४ च्या अखेरीस आबा गेले. तेव्हापासून ती बंदूक कायदेशीरपणे माझ्या ताब्यात येईपर्यंत चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत काय काय करावे लागले, हे मी येथे लिहीत आहे. ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची परवान्याची बंदूक आहे अशी शेकडो कुटुंबे आपल्या जिल्ह्यात असतील, आणि घरातला परवानाधारक गेल्यावर नेमके काय करायचे, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना आमच्यासारखेच ठाऊक नसेल.

आबा गेले त्या दिवशी बंदूक घरात नव्हती. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली होती आणि आबांनी नेहमीप्रमाणे बंदूक तालुक्यातील पोलीस ठाण्यात जमा केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात असे स्पष्ट केले होते की निवडणुकीच्या काळात सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, तर छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा. आबांना हे माहीत होते, कारण अशा बाबी ते वर्तमानपत्रातून कापून ठेवत. तरीही ठाण्यातून निरोप आला की ते दुसऱ्याच दिवशी बंदूक आणि काडतुसे घेऊन जात, पावती घेत आणि ती परवान्याच्या पुस्तिकेत घडी करून ठेवत. आमच्या दिंडोरी मतदारसंघात २० मे रोजी मतदान झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यातून आबांच्या मोबाइलवर फोन आला, तो माझ्या धाकट्या भावाने घेतला.

"निवडणूक झाली, आबांना म्हणावं हत्यार घेऊन जा."

भावाने सांगितले की आबा आता नाहीत. पलीकडचे हवालदार क्षणभर थांबले, हळहळले आणि म्हणाले, "मग दादा, आता ती बंदूक कोणालाच देता येणार नाही. मृत्यूचा दाखला आणि परवाना घेऊन या."

हीच आमची पहिली शिकवणी ठरली. जमीन, घर, बँकेतील ठेव यांच्याप्रमाणे बंदूकही वारसांकडे येते, असे आम्ही धरून चाललो होतो. बंदूक ही वस्तू म्हणून वारसांची होते हे खरे, परंतु ती जवळ बाळगण्याची परवानगी त्या माणसाबरोबरच संपते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावे लागते. त्यानंतर वारसाने ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना मिळवावा, नाहीतर ते शस्त्र बाळगण्याचा अधिकार असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला विकावे. यांपैकी काहीच केले नाही तर जिल्हादंडाधिकारी ते शासनजमा करू शकतात. आमची बंदूक आधीच ठाण्यात असल्यामुळे पहिली पायरी आपोआप पार पडली होती. ती मळ्यातील कपाटात असती आणि आम्ही दुःखात महिना-दोन महिने तिच्याकडे पाहिलेच नसते, तर तेवढे दिवस आम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरलो असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला किमान दोन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. जूनच्या अखेरीस आई माळ्यावरच्या जुन्या पेट्या आवरत असताना आजोबांच्या फेट्याखाली तिला एक पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात सात काडतुसे निघाली. कागदी नळीची, दमटपणाने फुगलेली, पितळी बुडावर हिरवट डाग पडलेली ती काडतुसे केव्हाची होती, हे कोणालाच सांगता येईना. आबा खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे घेत आणि प्रत्येक खरेदीची नोंद विक्रेता परवान्याच्या पुस्तिकेत करी. ही सात त्या हिशेबात कोठेच बसत नव्हती. भाऊ म्हणाला, "ताई, गोदावरीत टाकून देतो, कोणाला कळतंय?" मी त्याला डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. जुनी काडतुसे पाण्यात टाकणे धोक्याचे आहे, नदीवर मुले पोहतात, आणि ती घेऊन घराबाहेर निघणे म्हणजे विनापरवाना दारूगोळ्याची वाहतूक करणे. मी ठाण्यात फोन केला, असेल ते सांगितले आणि डबा आहे तेथेच ठेवला. संध्याकाळी दोन पोलीस आले, त्यांनी दोन पंचांसमक्ष पंचनामा केला, आईचा जबाब घेतला आणि काडतुसे नेली. आईचा हात सही करताना थरथरत होता, कारण तिच्या आयुष्यात पोलिसांच्या कागदावर सही करण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे काही त्रास झाला नाही. स्वतःहून कळवले, एवढीच गोष्ट आमच्या बाजूने होती, आणि ती पुरेशी ठरली.

त्यानंतर प्रश्न आला की परवाना कोणी मागायचा. मळ्यावर भाऊ राहतो, तेव्हा त्यानेच अर्ज करावा हे स्वाभाविक होते. त्याला बंदूक हवीही होती. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्यांच्या पिढ्या वाढल्या आहेत, शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते आणि मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जावे लागते. भीती खरी आहे. मी ती नाकारत नाही. परंतु त्या भीतीवर बंदूक हे उत्तर नाही, हे आम्ही दोघे बहीणभाऊ कितीतरी संध्याकाळी बोलत राहिलो. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंगावर चालून आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना सद्‌भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, पण बांधावर दिसलेल्या बिबट्यावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा आहे. शिवाय बिबट्या मागून येतो, आणि एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात फावडे असलेल्या माणसाला खांद्यावरची दुनळी उतरवून, रोखून, चाप ओढण्याइतका वेळ तो देत नाही.

"नुसता आवाज झाला तरी पळतो ना तो, ताई," भाऊ म्हणाला.

"आवाजाला फटाकाही पुरतो. आणि त्याला परवाना लागत नाही," मी म्हणाले.

दुसरी अडचण कायद्याची होती. आमचा मळा नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येतो. हे तेच ठिकाण, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची वनखात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या परिसरात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आबांनी नोंदणी केली होती, तिची जीर्ण प्रत त्यांच्या कागदांत सापडली. भावाने अर्ज केला असता तर आणखी एका खात्याची वाट पाहावी लागली असती. शेवटी आई, भाऊ आणि आमची थोरली बहीण यांनी ठरवले की अर्ज मी करावा. मी नाशिक शहरात राहते, एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आणि कागदपत्रांचा कंटाळा करत नाही. भाऊ मनापासून राजी नव्हता. त्याला मी तेव्हाच स्पष्ट सांगितले की परवाना माझ्या नावावर झाला तर बंदूक माझ्याच ताब्यात राहील. परवाना नाशिकात आणि बंदूक मळ्यावर, असे एक रात्रही चालणार नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आम्हाला फार उशिरा कळली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना देता येतो. आबांच्या बाबतीत या दोन्ही अटी कधीच पूर्ण झाल्या होत्या. ते असताना आम्ही अर्ज केला असता तर त्यांनी स्वतः साहेबांसमोर बसून सांगितले असते की ही बंदूक या मुलीला द्या. ही चुटपुट मला अजून आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. देशातील सर्व शस्त्र परवान्यांची एकच राष्ट्रीय नोंद आहे आणि प्रत्येक परवान्याला एक युनिक क्रमांक, म्हणजे 'यूआयएन', असतो. तो नसलेला परवाना ग्राह्य धरला जात नाही. आबांच्या पुस्तिकेवर तो होता. मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, आयकर विवरणपत्रे, छायाचित्रे हे सर्व जोडून मी ऑगस्टमध्ये अर्ज केला. शहराच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांना, त्यामुळे आबांच्या मूळ परवान्याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृहशाखेतून घ्यावी लागली. या काळात मला एका गृहस्थांनी बाहेर गाठून "मॅडम, महिन्यात करून देतो" असे सुचवले. मी नकार दिला. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि तोवर माझा कागद जेथे होता तेथेच राहिला.

जुन्या आग्रा रस्त्यावरील जिल्हाधिकारी कार्यालयात फेऱ्या मारताना माझ्या मनात वारंवार १९०९ सालचे नाशिक येई. याच शहरात, विजयानंद नाट्यगृहात, २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या लंडनहून लपवून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलातून. तेव्हा १८७८ चा शस्त्र कायदा होता, आणि भारतीय माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नसे, पण युरोपियनांना सूट होती. शस्त्रबंदी म्हणजे अपमान, ही भावना त्या पिढीत का रुजली, हे यावरून समजते. परंतु आजही काही जण तोच कायदा पुढे करून म्हणतात की नागरिकांवरील शस्त्रनियंत्रण हा इंग्रजांचा वारसा आहे, तेव्हा मला ते पटत नाही. १९५९ चा कायदा आपल्या संसदेने केला आणि त्यात कातडीच्या रंगावरून भेद नाही. अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा आपल्या राज्यघटनेने दिलेला हक्क नाही. मात्र कायद्याने वाटही पूर्ण बंद केलेली नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच लांब आणि आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा कायद्याने वेगळा, काहीसा उदार विचार केला आहे. २०१९ मध्ये एका व्यक्तीला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवू देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नेमबाज आणि जुनी घराणी यांनी विरोध केला, आणि शेवटी मर्यादा दोनवर ठरली. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लागू आहे. मला ती तडजोड योग्य वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागातील ठाण्यातून चौकशीला एक महिला उपनिरीक्षक घरी आल्या. त्यांनी शेजारी दोन घरी विचारपूस केली, आमच्यावर गुन्हे नाहीत ना हे आधीच तपासले होते, आणि मग बंदूक कोठे ठेवणार ते दाखवा म्हणाल्या. मी पोलादी कपाट दाखवले. त्यांनी ते हलवून पाहिले आणि भिंतीला बोल्ट मारून घ्यायला सांगितले. घरात कोण कोण असते, हा प्रश्न त्यांनी तीनदा निरनिराळ्या शब्दांत विचारला. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि प्रवेशपरीक्षेची तयारी करत होता.

हाच प्रश्न पुन्हा वैद्यकीय दाखल्याच्या वेळी आला. अर्जदाराच्या शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा लागतो. आमचे डॉक्टर आम्हाला वीस वर्षे ओळखतात. त्यांनी रक्तदाब पाहिला, दृष्टी पाहिली, झोपेविषयी विचारले आणि मग पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, दाखला तुमचा आहे, पण बंदूक घरात येणार आहे. मुलाचं कसं चाललंय?" मी शिक्षिका आहे. निकालाच्या आठवड्यात मुलांचे चेहरे कसे होतात ते मी दरवर्षी पाहते. माणसाच्या मनात येणारी काळी घटका बहुधा थोडा वेळच टिकते, आणि त्या वेळात हाताशी काय असते यावर सगळे अवलंबून असते. आपल्या शेतकऱ्यांच्या घरांत ती वस्तू बहुतेकदा कीटकनाशकाची बाटली असते; श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि तेथील आत्महत्या पुष्कळ घटल्या, हे मी वाचले होते. त्या संध्याकाळी मी आणि माझे यजमान उशिरापर्यंत बोलत बसलो. अर्ज मागे घ्यावा, असेही एकदा ठरले. मग मुलालाच विचारले. तो म्हणाला, "आजोबांची बंदूक आहे. काडतुसं नको आणू."

मार्चमध्ये शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेतले. ते प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि ते तसेच असावे, असे आता माझे ठाम मत आहे. गटात आम्ही सहा जण होतो, त्यांत मी एकटीच बाई. पहिला पूर्ण तास प्रशिक्षकांनी एकच सवय अंगात मुरवली: बंदूक हातात येताच ती मोडायची, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून दोन्ही नळ्या उघडायच्या, आत पाहायचे, बोट घालून खात्री करायची, आणि दुसऱ्याला देताना उघडीच द्यायची. समोरच्याने "रिकामी आहे" म्हटले तरी स्वतः पाहायचे. चापावर बोट केव्हा ठेवायचे यापेक्षा ते केव्हा ठेवायचे नाही, यावरच त्यांचा भर होता. बारा बोअर म्हणजे काय, हेही मला तेथेच कळले आणि गणिताची शिक्षिका म्हणून फार आवडले: नळीच्या तोंडात नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचे एकत्र वजन एक पौंड भरते. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर येतो. दुपारी प्रत्येकाने चार फैरी झाडल्या. पहिल्या फैरीला दस्ता खांद्यात घट्ट रुतलेला नव्हता आणि बसलेला धक्का पुढचे चार दिवस निळा-जांभळा दिसत होता. पंचवीस पावलांवरच्या पुठ्ठ्याची झालेली चाळण पाहून आमच्या गटातील सर्व बोलणे थांबले. आबांनी शेवटची फैरी केव्हा झाडली, ते मला आठवत नाही. पण दर दिवाळीआधी ते नळ्यांतून तेलाचा फडका ओढत तो वास मला त्या मैदानावर ओळखू आला.

शेवटची मुलाखत मे महिन्यात झाली. अधिकाऱ्यांनी सरळ विचारले, "तुमच्या जिवाला कोणापासून धोका आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग बंदूक कशासाठी हवी?"

मी सांगितले की ही वडिलांची आहे, त्यांनी शेहेचाळीस वर्षे एकही नियम न मोडता सांभाळली, ती भंगारात जाऊ नये आणि अनोळखी हातातही जाऊ नये, एवढेच माझे कारण आहे. धोक्याची खोटी कहाणी लिहायची नाही, हे मी आधीच ठरवले होते. वारसा हे कारण कायद्यात मान्य आहे, तर ते जसेच्या तसे सांगण्यात संकोच कशाचा? त्यांनी आबांची पुस्तिका पानापानाने चाळली. नूतनीकरणाच्या सर्व तारखा, निवडणुकीच्या सर्व पावत्या तेथे होत्या. ते म्हणाले, "अशा पुस्तिका कमी पाहायला मिळतात."

या मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक द्राक्षनिर्यातदार बसले होते. ते वैतागून म्हणाले की आम्ही वर्षभर चकरा मारायच्या आणि तिकडे गावठी कट्टा आठवड्यात मिळतो. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. मध्य प्रदेशाच्या सीमाभागात, बडवानी-खरगोनच्या बाजूला तयार होणारी बेकायदा पिस्तुले उत्तर महाराष्ट्रात पकडली गेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. परंतु त्यावरून परवाना सोपा करावा, हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. कट्टा घेणारा माणूस परवाना सोपा झाला म्हणून तो मागायला येणार नाही. त्याला हवे असते ते नोंद नसलेले शस्त्र. तेथे मोडायला हवेत ते कारखाने आणि विकणारे. आमच्यासारख्यांना त्रास झाला तो चौकशीचा नव्हे, तर पुढची पायरी कोणती हे कोणीच एकत्र न सांगण्याचा. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी काय करावे, याचे मराठीतील एक साधे पत्रक प्रत्येक ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत लावले, तर कितीतरी माळ्यांवरचे डबे वेळीच खाली येतील.

जून २०२५ च्या अखेरीस परवाना मिळाला, पाच वर्षांसाठी. भावासोबत मी तालुक्याच्या ठाण्यात गेले. मुद्देमाल खोलीतून बंदूक आली, पावतीवरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. मी ती सर्वांसमोर मोडली, नळ्यांत पाहिले आणि मगच सही केली. हवालदार काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. नळ्या आणि दस्ता वेगळे करून आबांच्या खाकी पिशवीत घातले. मळ्यावर थांबून आईला ती दाखवली; तिने दस्त्यावरून हात फिरवला आणि विचारले, "इथं नाही ना ठेवायची?" नाही म्हटल्यावर तिने चहा टाकला. भाऊ आम्हाला नाशिकपर्यंत सोडायला आला आणि कपाट भिंतीला पक्के आहे की नाही ते त्यानेच ओढून पाहिले.

आता दस्ता एका कपाटात आहे आणि नळ्या दुसऱ्या, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या ठिकाणी. दिवाळीआधी मी आबांसारखाच तेलाचा फडका ओढला, मुलगा शेजारी बसून पाहत होता. परवान्याच्या नव्या पुस्तिकेत काडतुसांच्या खरेदीची पाने आहेत. ती कोरी आहेत.